महाबळेश्वरच्या वटवाघळांत निपाह सापडला म्हणजे नक्की काय सापडलं?

केरळात निपाहची एखादी केस आली रे आली की दोन दिवसांत माझ्या मोबाईलवर तीच जुनी बातमी फिरून येते, "महाबळेश्वरच्या गुहेत निपाह व्हायरस", खाली लाल अक्षरात "फळं खाऊ नका, सगळ्यांना पाठवा", आणि तारीख कुठेच नसते. यावेळी ती वाईच्या मावशीकडून आली आणि पाठोपाठ तिचा फोनच आला. म्हणाली, आमच्या गल्लीच्या टोकाला पिंपळावर वाघळं लटकतात ना, लोक म्हणतायत झाड तोडूया नाहीतर खाली टायर पेटवूया, तू लॅबमध्ये आहेस तर सांग बाबा खरं काय ते.

मी सांगलीत लॅबमध्ये काम करतो, म्हणजे माणसांचं रक्त तपासतो, वटवाघळांचं नाही. पण अँटीबॉडी, आरटीपीसीआर हे शब्द माझ्या रोजच्या कामातले आहेत आणि कोविडमध्ये ते सगळ्यांच्याच तोंडी होते, तरी "पॉझिटिव्ह" हा एक शब्द ऐकला की आपण पुढचं काही ऐकतच नाही. मावशीला अर्धा तास फोनवर जे सांगितलं तेच इथे जरा नीट लिहितोय.

बातमी मुळात काय होती

मार्च २०२० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेची, म्हणजे एनआयव्हीची टीम महाबळेश्वरच्या एका गुहेत गेली होती. त्यांनी तिथे ८० वटवाघळं पकडून तपासली. त्यातली ६५ गुहेत राहणारी फळं खाणारी होती आणि १५ पिटुकली, किडे खाणारी, ज्यांना आपण पाकोळी म्हणतो. ८० पैकी तीसहून जास्त जणांच्या रक्तात निपाहविरुद्धच्या अँटीबॉडी सापडल्या, आणि दोघांमध्ये, एक फळखाऊ आणि एक पाकोळी, विषाणूचा आरएनए पण सापडला. हे सगळं २०२१ ला छापून आलं आणि मग टीव्हीवर गेलं, त्यामुळे लोकांना वाटलं आत्ताच काहीतरी घडलंय, प्रत्यक्षात नमुने वर्षभरापेक्षा जास्त जुने होते. त्या गुहेमुळे एकही माणूस आजारी पडल्याची नोंद नाही, आणि महाराष्ट्रात माणसांमध्ये निपाहची साथ आजवर आलेली नाही.

बातमी खोटी नव्हती, पण अर्धीच आपल्यापर्यंत पोचली.

अँटीबॉडी म्हणजे बोटावरची शाई

विषाणू शरीरात शिरला की शरीर त्याला ओळखून पकडणारी प्रथिनं तयार करतं, त्या अँटीबॉडी. विषाणू निघून गेला तरी त्या बरेच दिवस रक्तात राहतात. मतदानाला गेल्यावर बोटाला शाई लावतात ना, तसं आहे हे. शाई दिसली म्हणजे हा माणूस मतदान करून आलाय एवढं कळतं, तो आत्ता बूथमध्ये उभा आहे असं कळत नाही. म्हणजे त्या तीसहून जास्त वटवाघळांच्या बोटाला शाई होती.

यात अजून एक गोम आहे. निपाहचे भाऊबंद विषाणू आहेत, आणि भावाविरुद्ध तयार झालेली अँटीबॉडी कधी कधी निपाहच्या टेस्टमध्येही पॉझिटिव्ह दाखवते. म्हणून नुसत्या अँटीबॉडीवर कोणी शहाणा माणूस "विषाणू सापडला" असं म्हणत नाही, "या कुळाशी यांची गाठ पडलेली दिसते" एवढंच म्हणतो.

आरएनए सापडणं मात्र वेगळं. आरएनए म्हणजे विषाणूची लिहून ठेवलेली कृती, जिच्यावरून तो स्वतःच्या प्रती काढतो. आरटीपीसीआर टेस्ट त्या कृतीतल्या दोन-चार ओळी शोधते. कुणाच्या दारात त्याची मोटारसायकल उभी दिसली तर माणूस घरात असण्याची शक्यता भरपूर, पण तो चालत बाजारात गेलेला असू शकतो, हो की नाही? दार वाजवून बघावं लागतं. दार वाजवणं म्हणजे तो नमुना जिवंत पेशींवर टाकून विषाणू वाढतो का हे बघणं, आणि निपाहच्या बाबतीत हे काम सगळ्यात कडक बंदोबस्ताच्या लॅबमध्येच करता येतं. तशी लॅब पुण्यात एनआयव्हीकडे आहे, आपल्यापासून चार-पाच तासांवर, हे आपल्या भागाचं नशीबच म्हणायचं.

तपासतात तरी कसं

मावशीला वाटलं होतं गुहेत औषध मारून वटवाघळं पाडतात. तसं नसतं. संध्याकाळी ती बाहेर पडायच्या वेळी वाटेत अगदी बारीक धाग्याची जाळी लावतात, त्यात ती अडकतात, मग जाड हातमोजे घालून एकेकाला अलगद सोडवायचं, कापडी पिशवीत ठेवायचं, जरा गुंगी द्यायची. घशातून एक स्वॅब, गुदद्वारातून एक स्वॅब, पंखाच्या शिरेतून थोडंसं रक्त, मग वजन, माप, नर की मादी, पिल्लू आहे का हे लिहायचं आणि शुद्धीवर आलं की सोडून द्यायचं. अवयव तपासायचे असतील तर काही मारावीही लागतात, महाबळेश्वरलाही तसं केलं होतं, ते लपवण्यात अर्थ नाही. हे सगळं अंगभर सूट, मास्क, गॉगल घालून, अंधारात, डोक्यावर विष्ठा पडत असताना करायचं असतं. मी एसीत बसून ट्यूब फिरवतो, मला या लोकांबद्दल मनापासून आदर आहे.

झाडावर राहणाऱ्या मोठ्या वटवाघळांसाठी अजून एक साधी पद्धत आहे. पहाटे ती परतायच्या आधी झाडाखाली प्लास्टिकचा कागद अंथरायचा आणि वरून पडलेली लघवी गोळा करायची, कारण निपाह लघवीतून बाहेर पडतो. त्याने कुठल्या वटवाघळाची लघवी ते कळत नाही, पण त्या झाडावर विषाणू फिरतोय का ते कळतं. पकडायची गरजच नाही.

नमुना निघाला की लगेच थंड करायचा आणि थंडच न्यायचा, कारण आरएनए फार नाजूक असतो, घाटात गाडी दोन तास उन्हात उभी राहिली तर असलेला विषाणूही टेस्टमध्ये दिसणार नाही. म्हणून निगेटिव्ह रिपोर्ट आला की लगेच "काही नाही" म्हणायचं नसतं. २०१८ ला केरळातल्या कोझिकोडच्या निपाहच्या साथीत हेच झालं. पेशंट रहात होते त्या भागातून आधी जे प्राण्यांचे नमुने गेले त्यात काहीच सापडलं नाही, आणि लगेच "वटवाघळं निर्दोष" अशा हेडलाईन आल्या. नंतर फळं खाणारी मोठी वटवाघळं पकडून तपासली तर ५२ पैकी १० पॉझिटिव्ह निघाली. आधी जी तपासली होती त्यात घरच्या विहिरीत राहणारी किडेखाऊ जात होती. चुकीच्या माणसाची साक्ष घेतली तर केस उलगडत नाही.

वटवाघळं स्वतः कशी मरत नाहीत?

मावशीचा हा प्रश्न मला सगळ्यात आवडला. जगात वटवाघळांच्या १४०० पेक्षा जास्त जाती आहेत, सस्तन प्राण्यांच्या दर पाच जातींमधली एक वटवाघळाची. त्यांच्यात आणि विषाणूंमध्ये फार जुना समझोता झालेला दिसतो. सस्तन प्राण्यांत खरंखुरं उडता येणारं हे एकटंच, आणि उडायला इतकी ताकद लागते की अंग प्रचंड तापतं, पेशींची झीज होते. त्या झिजेवर प्रत्येक वेळी शरीराने आरडाओरडा केला असता तर ती जगलीच नसती, म्हणून त्यांच्या शरीरातला धोक्याचा भोंगा हळू आवाजात लावलेला असतो. विषाणूला ती आवरून धरतात, पण त्याच्यावर तुटून पडत नाहीत. आपलं उलटं आहे, विषाणू शिरला की आपली फौज एवढी चवताळते की चोर मारायच्या नादात घरच पडतं. निपाहमध्ये मेंदूला सूज येते, श्वासाला त्रास होतो, आणि १०० पैकी ४० ते ७५ रुग्ण दगावतात. त्यावर मान्यता मिळालेली लस अजून नाही, खास औषध नाही.

मग तो माणसात येतो कुठून

हवेतून उडत येत नाही. वटवाघूळ डोक्यावरून गेलं म्हणून काही होत नाही. प्रत्येक वेळी मधे काहीतरी पूल लागतो.

मलेशियात १९९८-९९ ला तो पूल डुकरांचा होता. डुकरांच्या मोठ्या फार्मवरच फळझाडं, त्यांच्यावर वटवाघळं, अर्धी खाल्लेली फळं खाली डुकरांच्या तोंडात. डुकरांकडून माणसांना. २६५ लोक आजारी पडले, १०५ गेले, आणि १० लाखांहून जास्त डुकरं मारावी लागली. तिथल्या ज्या गावावरून नाव पडलं ते सुंगाई निपाह.

बांगलादेशात पूल खजुरीच्या रसाचा. आपल्याकडे शिंदीच्या झाडाला मडकं बांधून नीरा काढतात तसंच तिथे हिवाळ्यात रात्रभर रस गोळा करतात आणि पहाटे कच्चाच पितात. वटवाघळांनाही तो गोड लागतो, ती येऊन चाटतात, वर लघवी करून जातात. यावर उपाय सापडला तो किती साधा बघा, मडक्याभोवती बांबूच्या कामट्यांचं झाकण बांधायचं की वटवाघूळ पोचतच नाही. आणि रस उकळला तर विषाणू मरतो. हे कळलं कसं? कोणीतरी रात्रभर झाडावर कॅमेरे लावून बसलं, वटवाघळं काय करतात ते बघितलं, म्हणून कळलं.

तिसरा पूल आपणच. पेशंटची सेवा करणारे घरचे लोक आणि हॉस्पिटलचा स्टाफ. २००१ ला पश्चिम बंगालमधल्या सिलीगुडीत ६६ पैकी ४५ जण गेले, त्यातले बरेच जण हॉस्पिटलमध्येच संसर्ग झालेले होते. कोझिकोडला लिनी नावाची नर्स अशीच पेशंटची सेवा करताना गेली, घरी दोन लहान मुलं होती. तिची आठवण आली की वटवाघळांची तपासणी म्हणजे पैसे फुकट असं म्हणणाऱ्यांशी वाद घालायला मला अंगात बळ येतं. त्यातल्या त्यात दिलासा हा की निपाह माणसामाणसात कोविडसारखा सुसाट पसरत नाही. बांगलादेशातल्या १४ वर्षांच्या केसेसचा हिशोब लावला तर सरासरी तीन रुग्णांमागे एकालाच पुढे संसर्ग झाला होता.

स्ट्रॉबेरीचं विचाराल तर धुवून खा. कुरतडलेली, दात लागलेली असेल तर टाकून द्या. एवढंच.

आयर्विन पुलाची पट्टी

सांगलीकरांना हे पटकन कळेल. पावसाळ्यात आपण सगळे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी विचारतो, पुलावरच्या फुटांच्या पट्टीवर आज किती फूट, कोयना धरणातून किती सोडलं. ४० फूट झाले की इशारा, ४५ ला धोका, आणि २०१९ ला ती ५७ फुटांच्या वर गेलेली आपण सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलीय. आता कोणी म्हणालं की पुलावर पट्टी लावली म्हणूनच पूर येतो, तर आपण काय म्हणू? पट्टी पाणी आणत नाही, पट्टीमुळे कृष्णाकाठचा माणूस वेळेत सामान वर चढवतो, जनावरं सोडतो.

वटवाघळांची तपासणी ही तशी पट्टी आहे. पण एकदाच वाचून सोडून दिलेली पट्टी कोणाच्या कामाची? महाबळेश्वरचं वाचन मार्च २०२० चं. बांगलादेशात त्याच त्या वसाहतींमधली वटवाघळं २००६ ते २०१२ अशी ६ वर्षं परत परत तपासली, तेव्हा कळलं की विषाणू त्यांच्यात सतत सारखा नसतो. कळपातल्या बऱ्याच जणांना संसर्ग होऊन गेला की तो दबतो, मग काही वर्षांनी प्रतिकारशक्ती नसलेली पिल्लं वाढली, जुन्यांची शाई पुसट झाली की पुन्हा उसळतो. नदीसारखंच. म्हणून मला "निपाह सापडला" या बातमीपेक्षा "दरवर्षी त्याच गुहेत, वेगवेगळ्या मोसमात तपासणी होणार" ही बातमी वाचायला मिळाली तर जास्त बरं वाटेल.

"कशाला उकरून काढायचं? गुहेत आहे तर राहू दे"

हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही, त्यात तथ्य आहे. गुहेत जाणारा माणूस स्वतः धोका पत्करतो, नीट साधनं नसतील तर तोच पूल ठरू शकतो. म्हणून हे काम प्रशिक्षित लोकांनी, वनखात्याच्या परवानगीने आणि पूर्ण सूटमध्येच करायचं असतं, कॉलेजच्या पोरांनी मोबाईल टॉर्च घेऊन नाही. पण गुहेत तसेही लोक जातातच ना, ट्रेकर जातात, गुराखी पावसात आडोसा घेतात, पर्यटक सेल्फी काढतात, आणि यांच्या अंगावर साधा मास्क पण नसतो. तपासणारे लोक एक रात्र जातात, आपण बारा महिने जातो.

"एवढ्या खर्चात दवाखाने सुधारा"

यावर शास्त्रज्ञांमध्येच भांडण आहे. अमेरिकेच्या पैशावर २००९ पासून दहा-अकरा वर्षं एक मोठा प्रकल्प चालला, जगभरातल्या प्राण्यांमध्ये साधारण हजारभर नवे विषाणू शोधले गेले. २०१८ ला विषाणूंचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ एडवर्ड होम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्पष्ट लिहिलं की विषाणूंची यादी केली म्हणून पुढची साथ कुठली हे सांगता येत नाही, त्यापेक्षा माणसांवर लक्ष ठेवा, जिथे माणूस आणि प्राणी जवळ येतात तिथे ताप आलेल्यांची तपासणी करा. मला त्यांचं बरंचसं पटतं. हजार विषाणूंच्या यादीचं मी काय करू?

पण निपाह अनोळखी नाहीये. तो माणूस मारतो हे माहीत आहे, आणि तो इथल्या घाटात आहे असं दिसलंय, तर त्यावर नजर ठेवणं हे यादी करण्यासारखं नाही. आणि त्याचा खरा उपयोग दवाखान्यातच होतो. कोझिकोडला एकाच घरातला दुसरा माणूस तशीच मेंदूची लक्षणं घेऊन आला तेव्हा तिथल्या डॉक्टरांना शंका आली आणि त्यांनी नमुना तपासायला पाठवला, म्हणून साथ लवकर ओळखली गेली. आपल्याकडे ताप, झटके, गुंगी घेऊन पेशंट आला आणि डेंगी, जपानी मेंदूज्वर दोन्ही निगेटिव्ह आले, तर पुढे काय? महाबळेश्वरचा रिपोर्ट वाचलेला डॉक्टर विचारेल की बाबा गुहेत गेला होतास का, पडलेलं फळ खाल्लंस का, घरात अजून कोणी आजारी आहे का. आणि हातमोजे घालूनच विचारेल.

"मग मारून टाका की सगळी"

मावशीच्या गल्लीत हेच चाललंय, म्हणून याला जरा वेळ देतो.

आफ्रिकेत युगांडामध्ये किटाका नावाची खाण आहे. २००७ ला तिथल्या खाणकामगारांना मारबर्ग नावाचा, इबोलाच्या जवळचा, आजार झाला. तो आला होता खाणीतल्या वटवाघळांकडून, तीही आपल्या महाबळेश्वरवाल्यांच्या जवळच्या नात्यातलीच. नंतर खाणवाल्यांनी हजारो वटवाघळं मारली, तोंडं बंद केली. २०१२ पर्यंत बाहेरून नवीन येऊन तिथे परत वसाहत झाली, आणि तपासलं तर त्यांच्यात संसर्गाचं प्रमाण आधीच्या दुपटीहून जास्त. त्याच वर्षी जवळच्या भागात माणसांत परत साथ आली. कारण उघड आहे, जुनी प्रतिकारशक्ती असलेली मेली आणि नवीन कोरी भरती झाली.

ऑस्ट्रेलियात निपाहचा भाऊ हेंड्रा आहे, १९९४ पासून तो घोड्यांमार्फत माणसात येतो. तिथे २५ वर्षांची माहिती एकत्र मांडली तेव्हा दिसलं की जंगलं तुटली, हिवाळ्यात फुलोरा मिळेना, की वटवाघळं गावाकडच्या झाडांवर येऊन उपाशीपोटी रहायला लागतात आणि विषाणू जास्त सोडतात. ज्या हिवाळ्यात जंगलात भरपूर फुलोरा आला त्या वर्षी ती जंगलाकडे गेली आणि घोड्यांना आजार झालाच नाही. मग पिंपळ तोडून आपण काय करणार? ती वाघळं हवेत विरघळणार नाहीत, पुढच्या आळीतल्या चिंचेवर जातील, घाबरलेली आणि उपाशी.

कायद्याचंही बघा. फळं खाणारी वटवाघळं पूर्वी कावळे, उंदीर यांच्यासोबत उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती, २०२२ च्या दुरुस्तीत ती यादीच रद्द झाली. आणि घाटातली किती झाडं यांच्या विष्ठेतून पडलेल्या बियांतून उगवतात, उसातले किती किडे पाकोळ्या एका रात्रीत खातात, याचं बिल त्यांनी आपल्याला कधी पाठवलेलं नाही.

तासगावच्या भावाचं काय

माझा आतेभाऊ तासगावला द्राक्ष करतो. त्याला हे वटवाघूळ-प्रेम अजिबात मान्य नाही, कारण माल तयार व्हायला लागला की रात्री घड फोडतात आणि नुकसान त्याचं होतं, ते मी नाकारत नाही. त्याला मी एवढंच सांगितलं की जाळी लावायची तर घट्ट ताणून लाव, ढिली असली की ती अडकतात आणि सकाळी मजूर बाई उघड्या हाताने सोडवायला जाते, तीच सगळ्यात वाईट वेळ. मेलेलं किंवा पडलेलं वाघूळ दिसलं तर हात लावायचा नाही, फावड्याने खोल पुरायचं, जास्त मेलेली दिसली तर वनखात्याला कळवायचं. चावलं तर जखम साबणाने पंधरा मिनिटं धुवून दवाखाना गाठायचा. फोडलेले घड वेगळे काढायचे, जनावरांना घालायचे नाहीत. त्याने घट्ट जाळीचा खर्च विचारला आणि फोन ठेवला.

मावशीच्या गल्लीत रविवारी मीटिंग आहे. मी वाईला जाणार आहे, पिंपळाखाली जो हातपंप आहे त्याच्यावर पत्र्याचं छप्पर टाकायचं आणि खाली पोरं खेळतात तो कट्टा पलीकडे हलवायचा, एवढं सुचवणार आहे. पत्र्याला किती पैसे लागतील ते मावशीने आधीच विचारून ठेवलंय.